टिळक नापास झाले होते, त्याची गोष्ट

शेंगांच्या टरफलांची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. मलाही आहे. पहिली ते सातवी दर १ ऑगस्टला शाळेत कोणी ना कोणी ती भाषणात सांगायचंच, आणि माझ्या मुलीच्या शाळेत अजूनही सांगतात. लोकमान्य टिळक म्हटलं की टरफलं, सिंहगर्जना, मंडाले आणि गणेशोत्सव, झालं भाषण. पण टिळक कॉलेजच्या पहिल्याच वर्षी नापास झाले होते, ही गोष्ट एकाही भाषणात मी ऐकलेली नाही. हॉस्टेलमध्ये राहणारा, गणितात हुशार म्हणून नावाजलेला, सोळा-सतरा वर्षांचा, वडील नुकतेच वारलेला एक मुलगा पहिल्या वर्षाच्या परीक्षेत नापास झाला. दर वर्षी फर्स्ट सेमिस्टरचा निकाल लागला की स्टाफरूमच्या दाराशी जी मंडळी खाली मान घालून उभी असतात, त्यांना खरी गरज या गोष्टीची आहे असं मला वाटतं.

मी तुम्हाला एम-वन आणि एम-टू शिकवते, त्यामुळे केटीच्या दुनियेशी माझा संबंध जवळचा आहे. (काही जण म्हणतात की केटीचं कारणच मी आहे. असो.) आचोळ्याहून रोज ये-जा करते. नालासोपाऱ्याला गाडीत शिरायची जी कुस्ती असते ती करून झाल्यावर कधी कोपरा मिळाला तर वाचन होतं. गेल्या वर्षी न. चिं. केळकरांनी लिहिलेलं टिळकांचं चरित्र असंच वाचायला घेतलं. तीन खंड आहेत. पर्समध्ये मावत नाहीत, हातात धरले की शेजारची बाई सरकून बसते. बाकी राजकारण तुम्ही इतिहासात शिकला आहात. मला बोलायचं आहे ते १८७३ या एका सालाबद्दल आणि त्याच्या आगेमागे जे घडलं त्याबद्दल.

आधी थोडी पार्श्वभूमी. बाळ गंगाधर टिळक, पाळण्यातलं नाव केशव, जन्म २३ जुलै १८५६, रत्नागिरी. मूळ गाव दापोली तालुक्यातलं चिखलगाव. वडील गंगाधरपंत शाळामास्तर, संस्कृत आणि गणित दोन्हींत तयार. मराठीतून त्रिकोणमितीवर पुस्तक लिहिणारा माणूस. घरात पाढे, अपूर्णांक, श्लोक हेच खेळ. श्लोक पाठ केला की मुलाला एक पै मिळायची असं सांगतात. बाणभट्टाची कादंबरी वाचायला मागितली तेव्हा वडिलांनी आधी एक अवघड गणित घातलं, ते सुटल्यावरच पुस्तक हातात दिलं, ही आठवणही प्रसिद्ध आहे. थोडक्यात, मुलगा हुशार होता आणि आपण हुशार आहोत हे त्याला माहीत होतं. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे. बारावीला गणितात नव्वदच्या वर मार्क घेऊन आलेली मुलं आपल्याकडे पहिल्या सेमिस्टरला गळपटतात, तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त धक्का याच गोष्टीचा बसतो.

१८६६ साली वडिलांची बदली पुण्याला झाली. त्याच वर्षी आई पार्वतीबाई गेल्या. १८७१ साली लग्न झालं, मुलगी लाडघरच्या बाळ घराण्यातली, माहेरचं नाव तापी, सासरचं सत्यभामा. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे दोघंही लहानच. आणि १८७२ च्या ऑगस्टमध्ये, मॅट्रिकच्या परीक्षेला चार महिने राहिले असताना वडीलही गेले. डिसेंबरमध्ये परीक्षा झाली, मुलगा पास झाला. म्हणजे १८७३ च्या सुरुवातीला डेक्कन कॉलेजात नाव घालणाऱ्या या मुलामागे ना आई होती ना वडील. काका-काकूंचं घर आणि वडिलांनी मागे ठेवलेली शिल्लक, एवढाच आधार. वर्ष फुकट जाणं म्हणजे त्या शिलकीतून एक वर्षाचा खर्च जास्त, हे गणित त्याला नक्कीच कळत होतं.

डेक्कन कॉलेज तेव्हा पुणे शहराबाहेर होतं. १८६८ पासून येरवड्याच्या दगडी इमारतीत, नदीपलीकडे, भोवती मोकळं रान. मुलं आवारातच राहायची. आणि तिथे पोचल्यावर या मुलाला पहिली गोष्ट कळली ती ही की आपल्या अंगात काही नाही. अंगकाठी किरकोळ, हातपाय काडीसारखे, पचन बिघडलेलं. बायको आपल्यापेक्षा अंगाने बरी, यावरून मित्र चिडवायचे असं चरित्रांतून येतं. चिडवण्याचं सोडा, पण ज्या मुलाने आई आणि वडील दोघेही गमावलेले पाहिले आहेत, त्याला स्वतःच्या तब्येतीची काळजी वाटली असेल तर त्यात नवल नाही. हा माझा अंदाज. केळकरांनी एवढं मानसशास्त्र केलेलं नाही.

मग त्याने ठरवलं की हे वर्ष शरीरासाठी द्यायचं. सकाळी तालीम. जोर, बैठका, कुस्ती. मग नदीवर पोहणं, कधी नाव वल्हवणं. खाणंपिणं त्या मानाने. संध्याकाळी पुन्हा आखाडा. वर्गात जायचं पण तिथे मन नाही. वर्षअखेर परीक्षा झाली आणि टिळक नापास झाले.

आता इथे जरा थांबते, कारण ही गोष्ट दोन प्रकारांनी सांगता येते आणि दोन्ही प्रकार मला पुरते पटत नाहीत. एक प्रकार असा: थोर पुरुषाने आधीच सगळा हिशेब केला होता, एक वर्ष गुंतवलं, नापास होणं हाही योजनेचाच भाग. मोठ्या माणसांची चरित्रं लिहिताना मागून पुढे पाहायची सोय असते, त्यामुळे सगळंच ठरवून केल्यासारखं दिसतं. १८७३ साली तो लोकमान्य नव्हता. तो पहिल्या वर्षाचा मुलगा होता. व्यायामाचं त्याने ठरवलं होतं हे खरं, पण निकालाच्या दिवशी नापासांत आपलं नाव बघून त्याला काहीच वाटलं नसेल, यावर माझा विश्वास नाही. दुसरा प्रकार आपल्या हॉस्टेलवाल्यांचा: सर, टिळकसुद्धा नापास झाले होते! (हे वाक्य मला येत्या निकालाला किमान सहा जणांकडून ऐकायला मिळणार आहे याची खात्री आहे.) बाळांनो, टिळक वर्षभर पहाटे उठून कुस्ती करत होते. रात्री तीनपर्यंत मोबाईलवर गेम खेळून सकाळचं प्रॅक्टिकल बुडवत नव्हते. तुलना करायची तर पूर्ण करा.

त्या एका वर्षात हाती काय लागलं ते पुढे दिसतं. शरीर बनलं, आणि ते आयुष्यभर टिकलं. काडीसारखा मुलगा वर्षअखेर कॉलेजातल्या दणकट मुलांत जमा झाला. हॉस्टेलात त्याला दोन टोपणनावं पडली होती, ब्लंट आणि डेव्हिल. पहिलं तोंडावर फटकन बोलण्याबद्दल, दुसरं खोड्यांबद्दल. जी मुलं ऊठसूट औषधाच्या बाटल्यांवर जगायची त्यांच्या बाटल्या हा बाहेर फेकायचा आणि आखाड्यात चला म्हणायचा, असं सांगतात. आज कोणी असं केलं तर रेक्टरकडे तक्रार जाईल आणि जायलाच हवी. नव्याने व्यायाम सुरू केलेला माणसू किती त्रासदायक असू शकतो हे आचोळ्यातल्या जिमसमोरच्या वडापावच्या गाडीपाशी उभं राहिलं तरी कळतं.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग, ज्याबद्दल चरित्रांत चार ओळी असतात. नापास झाल्यावर १८७४ साली त्याने काय केलं? व्यायाम चालू ठेवला, पण दिवसाच्या एका कोपऱ्यात, आणि बाकी वेळ अभ्यास. अभ्यासाची त्याची पद्धत मात्र विचित्र होती. नोट्स उतरून घेण्यावर भर नाही. वर्गात जे पुस्तक लावलेलं असे ते सोडून त्या विषयावरची मूळ पुस्तकं वाचायची. जे आवडत नाही ते तास चुकवायचे. गणित तोंडी सोडवायचं. शिक्षक म्हणून मी ही पद्धत तुम्हाला सुचवणार नाही, कारण मुंबई विद्यापीठाच्या पेपरात स्टेप्सना मार्क असतात. पण मूळ पुस्तक वाचायची सवय मात्र घेण्यासारखी आहे. लोकल पब्लिकेशनची गाईडं वाचून डी मॉयव्हरचं प्रमेय पाठ होतं, कळत नाही.

आणि दुसरी गोष्ट, त्याला शिक्षक भेटला. केरो लक्ष्मण छत्रे, सगळे केरूनाना म्हणत. गणित आणि ज्योतिषाचे प्रोफेसर. केरूनानांचं स्वतःचं आयुष्य वेगळ्या लेखाचा विषय आहे. ते शिकले तेव्हा मुंबई विद्यापीठ अस्तित्वातच नव्हतं, ते निघालं १८५७ साली. कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरी करता करता त्यांनी खगोल आणि गणित आत्मसात केलं, १८६० साली ग्रहसाधनाची कोष्टके हे पुस्तक छापलं, आणि पुढे ज्या विद्यापीठाची पदवी स्वतःकडे नाही त्या विद्यापीठाच्या मुलांना गणित शिकवलं. अशा माणसाला एखाद्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेतल्या एका नापासाचं फार अप्रूप वाटणार नाही. टिळक त्यांचे आवडते विद्यार्थी झाले. पुढे टिळकांनी ज्योतिष-गणितावरून वेदांच्या काळाचा अंदाज बांधणारं ओरायन हे पुस्तक १८९३ साली काढलं आणि पंचांग सुधारण्याच्या खटपटीत आयुष्यभर लक्ष घातलं, त्याचं मूळ येरवड्याच्या त्या वर्गात आहे. ओरायनमधले सगळे निष्कर्ष आजचे संशोधक मान्य करत नाहीत, पण ते लिहायला लागणारं गणित त्यांना येत होतं यात शंका नाही.

केरूनानांबद्दल वाचताना मला राहून राहून वाटलं, नापास मुलाकडे शिक्षक कसा बघतो यावर किती अवलंबून असतं! आपल्याकडे निकालानंतर दोन आठवडे स्टाफरूममध्ये फक्त टक्केवारीची चर्चा चालते. ही टीका माझ्या सहकाऱ्यांवर नाही, मीही त्या चर्चेत असतेच. पण केरूनानांनी त्या मुलाला नुसतं सहन केलं नाही, जवळ केलं.

१८७७ साली टिळक बी. ए. झाले, पहिल्या वर्गात, गणित घेऊन. म्हणजे १८७३ चा नापास मुलगा चार वर्षांत पहिल्या वर्गाचा पदवीधर. कोणत्याही भाषणाला इथे टाळ्या पडतील. पण गोष्ट इथे संपत नाही आणि सरळही जात नाही. पुढे एम. ए. करायचं होतं, ते हाती लागलं नाही. पहिल्या वर्गाचा बी. ए., केरूनानांचा लाडका विद्यार्थी, आणि एम. ए. नाही. मग कायद्याकडे वळले, आणि १८७९ साली एलएल. बी. झाले. म्हणजे एक अपयश सुरुवातीला, मग यश, मग पुन्हा अपयश, मग दुसरीकडून यश. एकदा सावरलं की पुढे सगळं हिरवंगार, असं नाही. एम-वनची केटी सुटते आणि मग थर्ड सेमला एम-थ्री बसते, हे माहीत असलेल्या मंडळींना ही ओळख पटेल.

गणितातली एवढी गती असताना कायदा का, हा प्रश्न तेव्हाही मित्रांनी विचारला होता. टिळकांचा विचार असा की पुढे जे काम करायचं आहे त्याला कायदा लागेल. हा अंदाज अचूक निघाला, थोडा जास्तच. त्यांना स्वतःवरचेच खटले लढवावे लागले.

कायद्याचा अभ्यास चालू असतानाच्या काळात डेक्कन कॉलेजात गोपाळ गणेश आगरकर भेटले. आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, टिळकांच्याच वयाचे, नऊ दिवसांनी मोठे. परिस्थिती अत्यंत गरिबीची. दोघे टेकड्यांवर फिरत वाद घालायचे की देशासाठी काय करायचं. सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची, हे तिथे ठरलं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर १ जानेवारी १८८० च्या सुमारास न्यू इंग्लिश स्कूल उभं राहिलं, १८८१ च्या जानेवारीत केसरी आणि मराठा ही दोन वर्तमानपत्रं निघाली. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात बदनामीच्या खटल्यात दोघांनाही शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिलं आहे, लायब्ररीत मिळालं तर जरूर वाचा, तुरुंगावरचं पुस्तक असूनही हसू येतं.

आगरकरांचं नाव इथे आणखी एका कारणासाठी. बुद्धी, धाडस, लेखणी यांत आगरकर कुठेही कमी नव्हते. विचारांनी तर मला ते टिळकांपेक्षा जास्त जवळचे वाटतात. पण त्यांना दमा होता, आणि १८९५ साली, ३९ व्या वर्षी ते गेले. टिळकांना आणखी पंचवीस वर्षं मिळाली. दमा काही जोर मारून बरा होत नाही, त्यामुळे व्यायाम केला म्हणून एक जगला आणि नाही केला म्हणून एक गेला असं भलतंच मी म्हणत नाहीये. पण ५२ व्या वर्षी सहा वर्षांची शिक्षा घेऊन ब्रह्मदेशात गेलेला माणूस जिवंत परत येतो, तेव्हा १८७३ चं ते वर्ष मला आठवतं.

मंडालेबद्दल थोडं. २२ जुलै १९०८ ला मुंबईच्या हायकोर्टात राजद्रोहाच्या खटल्याचा निकाल लागला, वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. मधुमेह आधीच जडलेला. तिथे उन्हाळा भयंकर, राहायला लाकडी खोली. १९१२ साली सत्यभामाबाई गेल्या, ती बातमी तिथेच कळली. एवढ्यात या माणसाने काय केलं, तर टाइमटेबल लावलं. वाचन, लेखन, जर्मन आणि फ्रेंचचा अभ्यास, पालीचा अभ्यास. १९१०-११ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत पेन्सिलीने गीतारहस्याचा मसुदा लिहून काढला. १९१४ च्या जूनमध्ये सुटका झाली, पुस्तक १९१५ साली छापून आलं. वह्या सरकारने लगेच परत दिल्या नव्हत्या, तेव्हा नाहीच मिळाल्या तर पुन्हा लिहून काढीन अशी त्यांची तयारी होती, कारण सगळं डोक्यात होतं. मला यात त्यांच्या अध्यात्मापेक्षा स्मरणशक्ती आणि बैठक यांचं जास्त आश्चर्य वाटतं. दोन तासांच्या पेपरला सप्लिमेंट मागायला उठताना कंबर धरणाऱ्या पिढीची मी शिक्षिका आहे.

मधली वर्षं मी भरभर सोडून देते आहे, पण एक सांगितलंच पाहिजे. टिळक गणित शिकवायचेही. १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघालं, तिथे १८९० पर्यंत ते प्रोफेसर होते. फळ्याकडे फारसं न वळता तोंडी गणितं सोडवत पुढे जायचे. हुशार मुलं खूश, बाकीची हवेत. आमच्या धंद्यातल्या माणसाला ही वर्णनं वाचून गंमत वाटते. जो स्वतः पहिल्या वर्षी नापास झाला होता त्याला मागच्या बाकांवरच्या मुलांसाठी हळू शिकवायला जमलं नाही! पुढे संस्थेत मतभेद होऊन ते बाहेर पडले, मग उपजीविकेसाठी कायद्याचे क्लास चालवले, लातूरला भागीदारीत कापसाचा जिनिंगचा कारखाना काढला. मेकॅनिकलवाल्यांनी नोंद घ्यावी.

आणि स्त्रीशिक्षणाबद्दल बोलायचं तर मी टिळकांवर रागावलेली आहे. पुण्यात १८८४ साली मुलींचं हायस्कूल निघालं, तिथे मुलींना मुलांसारखंच शिकवण्याला केसरीने कडाडून विरोध केला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यालाही. त्या बाबतीत आगरकर बरोबर होते. टिळकांच्या म्हणण्याप्रमाणे सगळं झालं असतं तर आज एम-वन शिकवायला मी नसते, आणि गर्ल्स हॉस्टेल तर नसतंच. (बॉईज हॉस्टेलमधून पहिल्या मुद्द्याला टाळ्या येतील, मला माहीत आहे.) मोठ्या माणसाचं एक वर्ष आवडलं म्हणून त्याची सगळी मतं घ्यावी लागत नाहीत.

आता परत १८७३ कडे. त्या काळात आणि आजच्यात एक फरक आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. तेव्हा परीक्षा नापास झाली की ती पुन्हा द्यायची, पास झालात की मागचं पुसलं. बी. ए. च्या पहिल्या वर्गात १८७३ चा नापास कुठेही मिसळला नाही. आज पॉइंटर असतो, आणि कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या सगळ्या सेमिस्टरचा हिशेब मागतात. तेव्हा टिळकांचं उदाहरण देऊन मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. गणितच करू. समजा पहिल्या दोन सेमिस्टरला सरासरी ५.२ आली. आठ सेमिस्टरचं वजन सारखं धरलं आणि उरलेल्या सहांत ८ ची सरासरी काढली, तर शेवटी ७.३ होतात. ७.५ ची काढली तर ६.९ च्या थोडं वर. म्हणजे पहिलं वर्ष पुसलं जात नाही, पण त्याचं वजन चौथा भाग आहे, त्याहून जास्त नाही. निकालाच्या दिवशी जे आयुष्य संपल्यासारखं वाटतं ते दोन अष्टमांश आहे. हे वाक्य वहीत लिहून ठेवलंत तरी चालेल, परीक्षेत येणार नाही.

आमच्या आचोळ्यातल्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक मुलगी आहे. बी. एस्सी. चं पहिलं वर्ष फार वाईट गेलं, आणि तिला डेंटलला जायचं आहे. तिची आई एका संध्याकाळी तलावाच्या बाजूला फिरताना भेटली आणि विचारू लागली की ताई, आता हिला बी. डी. एस. ला कोणी घेईल का. आमच्याकडे गणिताच्या बाईला सगळं माहीत असतं अशी समजूत आहे. सुदैवाने हे माहीत होतं. आपल्याकडे बी. डी. एस. चा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के लागतात, ते तिला आहेत. मधल्या बी. एस्सी. च्या वर्षाचे मार्क प्रवेशाच्या यादीत मोजले जात नाहीत. म्हणजे तिची परिस्थिती १८७३ च्या टिळकांसारखी आहे, पाटी कोरी मिळते. फक्त परीक्षा जबरदस्त आहे. याउलट अमेरिकेत डेंटलला जाणाऱ्यांना आधी कॉलेज करावं लागतं, वेगळी प्रवेश परीक्षा असते, आणि अर्जात कॉलेजच्या सगळ्या वर्षांचे ग्रेड दाखवावे लागतात, पुन्हा दिलेल्या विषयाचा पहिला ग्रेडसुद्धा हिशेबात राहतो. तिथली मुलं मग पुढच्या वर्षांचा चढता आलेख दाखवतात. ती परिस्थिती तुमच्यासारखी आहे.

त्या मुलीला मी आणखी एक विचारलं, की पहिलं वर्ष वाईट का गेलं. आईसमोर ती काही बोलली नाही. नंतर जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली की वर्षभर झोपच येत नव्हती, आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटतं टिळकांच्या गोष्टीतलं खरं काम तिथे आहे. त्याने नापास होण्याआधीच ओळखलं होतं की आपलं काय बिघडलं आहे, आणि ते बिघडलेलं आधी नीट करायला घेतलं. त्याचं पचन आणि अंगकाठी होती. कुणाची झोप असेल, कुणाला इंग्रजीतलं लेक्चर कळत नसेल. लातूर-बीडकडून मराठी माध्यमातून आलेली किती मुलं सप्टेंबरपर्यंत नुसती फळ्याकडे बघत बसतात, मला वर्गातून दिसतं. कुणाच्या घरी पैशाची अडचण असेल. जे आहे ते सोडून नुसतं चार तास जास्त वाचायचं ठरवलं तर पुढच्या निकालाला पुन्हा तेच. ती मुलगी आता डॉक्टरकडे जाते आहे आणि नीटचा क्लास जूनपासून लावणार आहे. आधी झोप, मग क्लास, असं आम्ही दोघींनी ठरवलं.

१ ऑगस्ट १९२० ला मुंबईत सरदारगृहात टिळक वारले, वय ६४. अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी, चौपाटीवरचं दहन, हे तुम्ही वाचलेलं आहे. मी त्याऐवजी येरवड्याच्या एका खोलीबद्दल सांगेन. डेक्कन कॉलेजात टिळक राहत असत ती खोली स्मारक म्हणून जपून ठेवलेली आहे. आपल्या कॉलेजची सहल दर वर्षी लोणावळ्याच्या पुढे जात नाही. यंदा इंडस्ट्रियल व्हिजिट पुण्याला असेल तर एक तास काढून ती खोली बघून या, आणि परत आल्यावर नदी तिथून किती लांब आहे ते मला सांगा.

एम-वनची केटी असलेल्यांसाठी माझा तास बुधवारी साडेतीनला, रूम नंबर २०४. हजेरी घेतली जाणार नाही. कुणाला वेगळं काही बोलायचं असेल तर साडेचारनंतर मी तिथेच बसलेली असते, ५.१० ची गाडी चुकली तरी चालते.